भगवानरावांचा पी.पी. नंबर

भगवानराव गेले त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता अमरच्या लॅपटॉपवर पाच माणसं एकदम थांबली. कोणाचं तोंड अर्धं उघडं, कोणाचे डोळे वर गेलेले, एकाची मान खांद्यावर कललेली. शकुबाई चहाचा कप द्यायला म्हणून आत आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी समोरच्या खोलीत त्यांनी असंच एक तोंड पाहिलं होतं. कप हातात धरून त्या पडद्याकडे पाहत राहिल्या.

"हे कधी वारले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोनी नाही वारलं, आई. नेट बंद पडलं."

शकुबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि कप ठेवून त्या बाहेर गेल्या. अमरची मात्र सुटका नव्हती. दोन मिनिटांनी माणसं हलली, तेव्हा त्यातला कपिल, म्हणजे अमरचा पुण्याचा साहेब, बोलत होता. कपिल अमरपेक्षा आठ वर्षांनी लहान होता आणि दुःखातल्या माणसाशी कसं बोलावं याचं त्याने बहुधा कुठेतरी प्रशिक्षण घेतलं होतं.

"अमर, तुमच्या वडिलांचं ऐकून खरंच वाईट वाटलं. तेरवीपर्यंत तुम्ही गावाहून काम करा, माझी हरकत नाही. पण काम संपवायला पंधरा दिवस राहिलेत आणि तुम्ही दर चार मिनिटांनी पुतळा होता. दोन-तीन दिवस बघू. नेट सुधारलं तर राहा. नाहीतर पुण्याला यावं लागेल."

अमरने वडिलांना अग्नी दिला होता. अग्नी देणाऱ्याने दहा दिवस गावाची शीव ओलांडायची नाही, दहाव्याला अडाण नदीच्या काठी पिंड ठेवायचे, अशी घरची रीत. घरात दुसरा मुलगा नव्हता. हे सगळं कपिलला सांगावं म्हणून अमरने तोंड उघडलं आणि त्याच अवस्थेत तो पुन्हा पुतळा झाला.

खरं तर बोरी अरबच्या त्या घरात नेट आलं होतं ते अमरसाठीच. पंधरा वर्षं तो दर दिवाळीला म्हणायचा, "बाबा, इथं नेट असतं तं मी महिना-महिना येऊन राह्यलो असतो." भगवानराव रिटायर्ड पोस्टमास्तर. लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दावर विश्वास ठेवण्यात त्यांची हयात गेलेली. दोन वर्षांपूर्वी, सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेले आणि उत्तमसिंग केबलवाल्याला सोबत घेऊनच परतले. उत्तमसिंगने मोठ्या रस्त्यापासून खांबाखांबावरून वायर ओढून आणली. भिंतीवरच्या फळीवर डब्बा बसला, हिरवा दिवा लागला. त्या दिवाळीला अमर आला, दोन दिवस राहिला, नेट चांगलं आहे म्हणाला आणि गेला. भगवानरावांनी कनेक्शन तरीही चालू ठेवलं. पुढच्या दिवाळीचं काही सांगता येत नाही, असं ते म्हणायचे.

चौथ्या दिवशी दुपारी अमरने उत्तमसिंगला फोन लावला. गावात मोबाइलचा टॉवर मिळायचा तो घराच्या ओट्याच्या टोकाला, तिथेही एकच दांडी. टोकाला उभं राहून, एक हात कानावर ठेवून अमरने सगळं सांगितलं.

"डब्बा बंद करा, पाच मिनटानं चालू करा," उत्तमसिंग म्हणाला. "अर्धे रोग त्यानंच जाते."

डब्ब्याची फळी समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात होती. त्या फळीखालीच भगवानरावांची खाट असायची आणि त्या खाटेवरच ते गेले. आता खाट बाहेर काढलेली होती आणि त्या जागी गव्हाच्या पिठाच्या लहानशा ढिगावर मातीचा दिवा जळत होता. वारा लागू नये म्हणून त्याला बांबूचं टोपलं आडवं लावलेलं. अमर बटणाकडे हात नेणार तोच शकुबाई म्हणाल्या, "हात नोको लावू. दहा दिवस त्या कोपऱ्यातला दिवा विझवाचा नाई."

"आई, थो दिवा वेगळा, हा दिवा वेगळा."

"तुह्या बाबाले दोनी सारखेच होते. झोपाच्या आंधी हिरवा पाहे, मंगच डोये मिटे."

"राहू दे न रे," अमरची मोठी बहीण प्रेरणा म्हणाली. ती मारेगावहून बाबांच्या दिवसांना आलेली होती आणि चार दिवसांत तिने एवढंच वाक्य वीस वेळा म्हटलं होतं.

दुपारी तीनला गावाचीच वीज गेली. हिरवा दिवा आपोआप विझला आणि अर्ध्या तासाने आपोआप लागला. "हे माह्या हातून नाई झालं," शकुबाईंनी भगवानरावांच्या फोटोकडे पाहून सांगितलं. अमरने त्या वेळात मनातल्या मनात उत्तमसिंगचा उपाय झाला असं धरलं. फरक काही पडला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अमरच्या मनाला लागत होती. पहिल्या दिवसापासून घरी माणसांची रीघ होती. सकाळी आठला आळीतली माणसं यायला लागत आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर, निंबाच्या सावलीत, भिंतीला टेकून बसून राहत. मयताच्या घरी येताना बोलावणं लागत नाही आणि जाताना "येतो" म्हणायचं नसतं. तशीच ती यायची, बसायची, उठून जायची. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पस्तीस-चाळीस माणसं, सगळ्यांच्या माना खाली. धावजी तर ऐंशीच्या घरातले, गुडघे धरलेले, तरी रोज सकाळी येऊन दुपारच्या जेवणापर्यंत हलत नसत. समोरच्या घरच्या कांताबाई मधूनच पदराने डोळे पुसत.

"तुह्या बाबाचं पुण्य पाह्य," शकुबाई प्रेरणाला म्हणाल्या. "जित्तेपनी मी कावत होती. कायले येता रे सारे, म्हनत होती. माह्या हातचा या गावानं जेवढा चा पेला, तेवढं धरनात पानी नसन. आता पाह्य, कोनी उठून नाई राह्यलं."

प्रेरणा दिवसातून तीनदा चाळीस कप चहा करत होती. तिने पुढचं आधण ठेवलं.

पाचव्या दिवशी उत्तमसिंग स्वतः आला. चप्पल बाहेर काढली, फोटोला हात जोडले, कोपऱ्यातल्या दिव्याजवळ क्षणभर बसला, मग वर डब्ब्याकडे पाहिलं.

"काकी, याले इथून हालवा लागते. भित मातीची हाये, दोन हात जाडीची."

"दहाव्यानंतर हालव."

"मंग वायर पाहतो."

वायर पाहताना त्याला अंगणातला निंब दिसला. प्रेरणाच्या जन्माच्या वर्षी शकुबाईंनी लावलेलं ते झाड आता पन्नाशीला आलं होतं आणि त्याची एक मोठी फांदी वायरवर टेकली होती. "हेच हाये," उत्तमसिंग म्हणाला. "वारा आला का फांदी घासते, फांदी घासली का नेट तुटते." त्या दिवशी वारा नव्हता, वैशाखाचं नुसतं ऊन होतं. पण काहीतरी केल्याशिवाय माणूस परत कसा जाणार. फांदी तोडली. ती तोडताना कांताबाईंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर पडली. कांताबाईंनी एरवी आळी डोक्यावर घेतली असती. मयताचं घर म्हणून त्या म्हणाल्या, "असो," आणि खाली मान घालून पुन्हा बसल्या.

सहाव्या दिवशी नेट आणखी बिघडलं. कारण असं की फांदी गेली तशी अंगणातली सावली गेली, आणि सावली गेली तशी ओट्यावरची सगळी माणसं उठून समोरच्या खोलीत, कोपऱ्यातल्या दिव्याभोवती येऊन बसली. खोलीत मुंगीला जागा उरली नाही. अमर धान्याच्या खोलीत काम करत बसायचा, तिथून त्याला उठावं लागलं, कारण तिकडेही दोघं सरकली होती. तो लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेला. डोक्यावर भगवानरावांची काळी छत्री धरून बसला.

"अमर, तिकडे पाऊस आहे का?" कपिलने विचारलं.

"ऊन आहे, सर."

"मग मागे पाणी वाहतंय ते?"

"घाम आहे, सर."

वीस मिनिटांनी लॅपटॉप उन्हाने तापला आणि आपला आपण बंद झाला. कपिलचा निरोप मोबाइलवर आला तो ओट्याच्या टोकाला उभं राहिल्यावर दिसला. उद्याचा दिवस शेवटचा, असं त्यात लिहिलं होतं. अमरने तो प्रेरणाला दाखवला. शकुबाईंना दाखवला नाही. पण त्यांनी त्याच्या तोंडावरून वाचला.

"जा लागन काय तुले?"

"नेट सुधरलं तं नाही जा लागत."

"मंग सुधरव," शकुबाई म्हणाल्या. "बाबाचे पिंड दुसऱ्याच्या हातानं नोको." थोडं थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं. "अन् एकदा चांगलं सुधरलं म्हंजे मंग तुले राहाले बी येते न. महिना-महिना."

"हो," अमर म्हणाला.

सातव्या दिवशी उत्तमसिंग दुसऱ्यांदा आला. यावेळी त्याने ना वायर पाहिली, ना झाड. माणसांच्या मधून वाट काढत तो डब्ब्याखाली पोचला, आपला फोन काढला आणि बराच वेळ त्यात डोकं घालून बसला. त्यामुळे तो खोलीतल्या इतरांसारखाच दिसायला लागला.

"अमरभाऊ," शेवटी तो म्हणाला, "या डब्ब्यावर एकेचाळीस फोन लागून हायेत."

"किती?"

"एकेचाळीस. नावं बी हायेत. पाह्य." आणि त्याने भर खोलीत वाचायला सुरुवात केली. "'धावजी पट'."

"हाव," धावजींनी मान खाली असतानाच उत्तर दिलं.

"'कांता नवा'. 'सोनू का फोन'. 'भजनी मंडळ बोरी'. 'चक्कीवाला'."

शाळेतल्या हजेरीसारखी नावं येत गेली आणि एकेक मान वर होत गेली. अमर पुढे झाला. धावजींच्या मांडीवर, धोतराच्या घडीत, फोन होता. आवाज बंद होता, तेवढी माणुसकी सगळ्यांनी पाळली होती. पडद्यावर शंकरपटातल्या दोन बैलजोड्या धूळ उडवत चालल्या होत्या. कांताबाईंच्या हातात त्यांची सुरतची नात बोबडं काहीतरी बोलत होती आणि त्यासाठीच त्यांचे डोळे पुसणं चाललं होतं. चक्कीवाला तुरीचे भाव पाहत होता. एक सून ब्लाउजची मागची बाजू कशी कापावी ते शिकत होती. भिंतीजवळचा एक मुलगा परीक्षेचा फॉर्म भरत होता आणि त्याचं सबमिटचं चाक सकाळपासून फिरत होतं.

"पासवर्ड कोनी दिला?" अमरने विचारलं. आवाज चढवायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, पण तो चढला.

"मास्तरनं नाई दिला," उत्तमसिंग म्हणाला. "मी कनेक्शन देल्लं तवाच सांगतलं होतं, मास्तर, पासवर्ड कोनाले सांगजा नोको. म्हने, नाई सांगत."

"बाबा खोटं नाही बोलत होते," प्रेरणा म्हणाली.

"नाईच सांगतला त्याईनं," कांताबाई म्हणाल्या. "सांगाचं कामच काय? आमी ओट्यावर बसलो होतो. सोनू म्हने, मास्तरच्या वायफायले नंबर लागते. म्या म्हनलं, मास्तरचा नंबर तं मले पाठ हाये."

आणि त्यांनी तो म्हणून दाखवला. आधी एसटीडीचा कोड, मग नंबर. कोड संपला तेव्हा धावजी सामील झाले आणि शेवटचे तीन आकडे, दोन-एक-सात, अख्ख्या खोलीने एका सुरात म्हटले.

तो भगवानरावांच्या जुन्या फोनचा नंबर होता. नव्वद साली आळीत पहिला फोन आला तो त्यांच्याकडे. पुढची पंधरा वर्षं आळीतल्या कोणाच्याही लग्नपत्रिकेवर, कोणाच्याही पोराच्या नोकरीच्या अर्जावर तोच नंबर असायचा आणि पुढे कंसात पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, निरोप मिळेल. फोन वाजला की भगवानराव आधी विचारायचे कोण पाहिजे, मग सांगायचे, "दहा मिनिटांनी करा, बोलावून आणतो," आणि सायकल काढायचे. बोलावलेला माणूस येऊन बसायचा. फोन कधी दहा मिनिटांनी यायचा, कधी तासाने. तोवर शकुबाई चहा ठेवायच्या. सुरतचं स्थळ कांताबाईंच्या लेकीला त्याच फोनवरून होकार देऊन गेलं होतं. फोन काढून नेला त्या दिवशी शकुबाईंनी खोली शेणाने सारवली होती आणि दुपारी दार लावून दोन तास झोपल्या होत्या.

"माह्या पोराची खबर बी त्याच नंबरावर आल्ती," धावजी म्हणाले. "ट्रक उलटला त्याची. मास्तर वावरापर्यंत पायी आल्ते मले सांगाले. सायकल नाई घेतली. म्हने, धावजी, मले लवकर पोचाचं नव्हतं."

अमरने वर डब्ब्याकडे पाहिलं. मग त्याला कपिलचा निरोप आठवला.

"उत्तमसिंग," तो म्हणाला, "पासवर्ड बदल."

नवा पासवर्ड अमरने स्वतः टाकला. त्यात लहान अक्षरं होती, मोठी होती, आकडे होते आणि एक चिन्ह असं होतं की ज्याला बोरी अरबमध्ये नाव नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी आठला माणसं नेहमीसारखी आली. कालच्या प्रकारानंतर कोणी येणार नाही असं अमरला वाटलं होतं. पण लोक आले, बसले, माना खाली घातल्या. पाच मिनिटांनी एकेक मान वर यायला लागली. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांची नजर खोलीभर फिरली. कोपऱ्यातला दिवा दिसला, पिठाचा ढीग दिसला, फोटो दिसला, आणि फोटोखाली बसलेल्या शकुबाई दिसल्या. नजरेला नजर भिडल्यावर काहीतरी बोलणं आलं.

"मास्तरीनबाई," धावजींनी विचारलं, "काय झालतं मास्तरले?"

आठव्या दिवशी हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. शकुबाईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, पण ते फारच लहान होतं. "काई नाई झालं. खिचडी खाल्ली. खाटेवर लवंडले. हिरव्या दिव्याकडं पाह्यलं. म्हने, आज नेट चांगलं चालू हाये. अन् डोये मिटले."

धावजींनी सवयीने मान खाली घातली, फोनवर बैल जागच्या जागी थांबले होते ते पाहिलं, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि रीतीप्रमाणे "येतो" न म्हणता गेले. साडेदहापर्यंत खोली रिकामी झाली. प्रेरणाने केलेला चहा तसाच राहिला.

नेट मात्र असं धावायला लागलं की अमरला भीती वाटावी. अकराच्या मीटिंगमध्ये कोणी थांबलं नाही, कोणाची मान कलली नाही. नवव्या दिवशी तीन माणसं भेटीला आली, तीही बाहेरगावची. घरात फक्त अमरचा आवाज होता. शकुबाईंनी प्रेरणाला दोनदा विचारलं, "किती वाजले?" दोन्ही वेळा अकराच वाजले होते.

मग त्यांनी अमरसाठी चहा केला आणि कप घेऊन धान्याच्या खोलीच्या दाराशी गेल्या. आत कपिल बोलत होता. त्याचा आवाज शेजारच्या खोलीत बसल्यासारखा स्वच्छ येत होता.

"अमर, तुमचं नेट आमच्या ऑफिसपेक्षा चांगलं आहे. मी वर बोललो आहे. हवं तर तेरवीनंतरही महिना-दोन महिने तिथूनच काम करा. आईंनाही सोबत होईल."

शकुबाई दारातच थांबल्या.

"नाही नाही, सर," अमर लगेच म्हणाला. "चौदाव्या दिवशी सकाळी मी निघतोच. इथल्या नेटचा काही भरवसा नाही."

शकुबाईंनी कप आवाज न करता दाराजवळच्या कोठीवर ठेवला आणि त्या समोरच्या खोलीत जाऊन दिव्यात तेल घालू लागल्या.

दहाव्याला अडाणच्या काठी भटजी आणि न्हावी धरून अकरा माणसं होती. अग्नीच्या दिवशी दीडशे होती. पिंड अमरच्या हातानेच ठेवले गेले. संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, डब्बा हलवायला उत्तमसिंग आला. कोपऱ्यातला मातीचा दिवा आता नव्हता, पीठ उचललेलं होतं.

"सांगा काकी, कुठीसा बसवू?"

"आहे तिथंच राहू दे," शकुबाई म्हणाल्या. "अन् थो जुना नंबर टाकून दे त्यात."

अमर भिंतीजवळून उठला. "आई, उद्यापासून परत तसंच होईन. मले उद्याच निघा लागन."

"नीघ."

"तेरवीले मी नसन."

"दहावा तुह्या हातानं झाला. बाबाचं तुह्याकडं होतं थे काम झालं."

"आपन असं करू," अमर म्हणाला. "दिवसभर माह्या कामापुरतं बंद ठेवू. दिवे लागल्यावर सोडू सगळ्याइले."

"दिवे लागल्यावर मयताच्या घरी कोनी येते काय?"

"तुले सोबत व्हावी म्हनून तं राह्यलो ना मी."

शकुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मनिऑर्डरच्या फॉर्मवर अंगठा कुठे घ्यायचा ते भगवानराव दाखवायचे, तसं.

"तू तेरा दिवसाचा, अमर. चौदाव्या दिवशी सकायी इथं कोन येऊन बसन, थे सांग." मग त्या उत्तमसिंगकडे वळल्या. "कोडासकट टाकजो. आकडा चुकू नोको." आणि आत जाता जाता म्हणाल्या, "काल कोठीवर चा ठेवला होता तुहा. गार झाल्ता. पेला नाई तू."

अमरने कोठीकडे पाहिलं. कप तिथेच होता, सायीचा थर धरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपने तो दारव्ह्याला गेला आणि तिथून पुण्याच्या गाडीत बसला. जीप सुटली तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ओट्यावर धावजी येऊन बसले होते.

तेरवीला दोनशेच्या वर पानं उठली. एवढी माणसं बोरी अरबच्या त्या आळीत कोणाच्याच तेरवीला आली नव्हती, असं म्हातारे म्हणाले. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. पहिल्या पंगतीच्या वेळी अमरने पुण्याहून व्हिडिओ कॉल लावला. प्रेरणाने फोन उघडला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून तो भगवानरावांच्या फोटोशेजारी, त्याच पाटावर, फुलपात्राला टेकवून ठेवला.

"दिसून राह्यलं का रे?" तिने विचारलं.

"दिसते," अमर म्हणाला. "बाबांच्या" एवढं म्हणून तो थांबला. तोंड अर्धं उघडं, डोळे किंचित वर, मान खांद्यावर कललेली. अंगणात त्या क्षणी सत्तरेक फोन चालू होते.

लोक रांगेने फोटोला फूल वाहत होते. धावजींची पाळी आली. त्यांनी भगवानरावांना फूल वाहिलं, हात जोडले, मग शेजारी पाहिलं. थोडं वाकून पुन्हा पाहिलं. ताटलीतून दुसरं फूल उचललं आणि अमरला वाहिलं.

"हा कधी वारला?" त्यांनी हळूच विचारलं.

"धावजीबुवा, थो जित्ता हाये," प्रेरणा म्हणाली.

"मले काय मालूम. हालून नाई राह्यला."

प्रेरणाने फूल काढायला हात पुढे केला. "राहू दे," शकुबाई म्हणाल्या. आज हे वाक्य त्यांचं होतं. त्यांच्या एका हातात बुंदीचं ताट होतं आणि पंगतीतल्या तिसऱ्या माणसाच्या पानात अजून बुंदी पडायची होती. माणसाची मान खाली होती. शकुबाईंनी त्याच्या पानात बुंदी घातली, पानाशेजारचा त्याचा फोन जरा बाजूला सरकवला आणि त्या पुढे गेल्या.

थोड्या वेळाने ओट्याच्या टोकाहून, जिथे टॉवरची एक दांडी मिळते तिथून, कांताबाईंची हाक आली. त्या आपला फोन वर धरून उभ्या होत्या.

"शकुबाई, तुमचा फोन आला हाये माह्याकडं. अमर हाये. म्हने, मावशी, जरा आईले बलावता काय."

शकुबाईंनी पंगतीकडे पाहिलं. अजून अर्धी रांग बाकी होती, आणि दाराशी दुसरी पंगत ताटकळत उभी होती.

"दहा मिनटानं कर म्हना त्याले," त्या म्हणाल्या.